ओपन हार्डवेअर लॅपटॉपवर कर्नलचं काम शिकायचंय? आधी स्कीमॅटिक उघडा

कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काम करायचं म्हणजे हजारो ओळींचा ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) शून्यातून लिहायचा, या धास्तीनं बरेच जण या वाटेला फिरकतच नाहीत. लॅपटॉपच्या बोर्डावरचं काम बहुतांशी वेगळंच असतं. एमएनटी रिफॉर्म हा ओपन हार्डवेअर लॅपटॉप, म्हणजे ज्याच्या बोर्डाचे आराखडे सगळ्यांसाठी खुले आहेत असा, पाहा. त्यावरचं घड्याळ म्हणजे पीसीएफ८५२३ आणि आवाजाचा कोडेक म्हणजे डब्ल्यूएम८९६०. या दोन्ही चिप्सचे ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून आहेत. कर्नलला ठाऊक नसतं ते एवढंच, की या बोर्डावर ती चिप कुठल्या बसवर (चिप्सना जोडणाऱ्या तारांवर) बसली आहे, तिचा पत्ता काय, तिला वीज कुठल्या रेग्युलेटरकडून (ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागाकडून) मिळते आणि रिसेटची पिन कुठे जाते. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या) मशिनवर यातलं बरंचसं एसीपीआयची, म्हणजे मशिनमध्ये आधीच भरलेली, टेबलं सांगतात. रिफॉर्म किंवा ओलिमेक्सचा टेरेस-आय अशा आर्म लॅपटॉपवर ते डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये, आपल्याला लिहावं लागतं.

आणि लिहायचं ते स्कीमॅटिक, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्यांचा नकाशा, बघून. बंद लॅपटॉपवर हीच माहिती काढायला रजिस्टरं वाचत, पिना चाचपत दिवसच्या दिवस जातात. ओपन हार्डवेअरवर कीकॅड या सर्किट-आराखड्याच्या प्रोग्रॅमची फाइल उघडली की ती समोर असते. म्हणून सी भाषेच्या बरोबरीनं स्कीमॅटिक वाचायला शिका. आधी वीजपुरवठ्याचं पान, मग आयटूसी बस (छोट्या चिप्सना जोडणारी दोन तारांची बस), डिस्प्ले सगळ्यात शेवटी.

पहिली खरेदी यूएसबी-सीरियल अडॅप्टरची; बूट होतानाचे संदेश त्यातून दुसऱ्या मशिनवर वाचता येतात. बहुतेक बोर्डांना ३.३ व्होल्टचा लागतो, काहींवर सीरियलची पिन १.८ व्होल्टची असते; आकडा स्कीमॅटिकवरून पक्का केल्याशिवाय वायर लावू नका, कारण ५ व्होल्ट दिले तर एसओसीची (मुख्य प्रोसेसर चिपची) पिन जळू शकते. वायरी तीनच: ग्राउंडला ग्राउंड, आणि एकीकडचा टीएक्स (पाठवणारी पिन) दुसरीकडच्या आरएक्सला (घेणाऱ्या पिनेला) असं दोन्ही बाजूंनी. व्हीसीसीची (विजेची) वायर मोकळी सोडा. वेग बऱ्याच ठिकाणी १,१५,२०० बॉड असतो, पण पाइनबुक प्रोसारख्या आरके३३९९ मशिनवर तो १५,००,००० आहे. जुना सीपी२१०२ अडॅप्टर १० लाखांच्या पुढे जात नाही, त्यामुळे टर्मिनलवर नुसती विचित्र अक्षरं उमटतात आणि नवा माणूस कर्नलला दोष देत बसतो. काहीच उमटत नसेल तर बूट आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना कर्नलला दिलेल्या सूचनांमध्ये) अर्लीकॉन टाका; खरा कन्सोल सुरू होण्याआधीचे संदेशही मग दिसतात.

कर्नल लॅपटॉपवरच बिल्ड करत बसू नका. मोठ्या मशिनवर आर्म६४ चा क्रॉस-कंपायलर (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करणारा) लावा, चालू असलेल्या कर्नलचीच कॉन्फिग फाइल घ्या, ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (नव्या पर्यायांना ठरलेली मूल्यं देणारा आदेश) करा आणि तिथून पुढे चला. बूट मेनूमध्ये जुना, चालणारा कर्नल कायम ठेवा. डिव्हाइस ट्रीची फाइल कर्नलच्या इमेजबरोबर बदलली का, हेही दर वेळी पाहा. कर्नल नवा आणि डिव्हाइस ट्री जुनी, अशा जोडीमुळे भलतीच लक्षणं दिसतात. प्रोक-डिव्हाइस-ट्री या डिरेक्टरीत कर्नलच्या हाती प्रत्यक्षात काय पडलं ते दिसतं. शंका आली की पहिली नजर तिथेच टाका.

आता घड्याळाचंच उदाहरण जवळून पाहू. डिव्हाइस ट्रीत चिपची नोंद, म्हणजे नोड, लिहिली, ड्रायव्हर चढला, तरी लॉगमध्ये एरर येते की चिप उत्तरच देत नाही. अशा वेळी बहुतेकदा पत्ता चुकलेला असतो. पीसीएफ८५२३ च्या डेटाशीटमध्ये लिहिण्यासाठी हेक्स डी० आणि वाचण्यासाठी हेक्स डी१ असे आकडे आहेत. हे आठ बिटांचे आकडे. त्यांतला शेवटचा बिट फक्त वाचायचं की लिहायचं ते सांगतो. कर्नलला सात बिटांचा पत्ता हवा असतो. शेवटचा बिट काढला की डी० चा होतो हेक्स ६८, आणि नोडमध्ये तोच जातो. खात्रीसाठी आयटूसीडिटेक्ट हे बसवरचे पत्ते तपासणारं साधन चालवा: ६८ च्या जागी ६८ दिसलं तर चिप जिवंत आहे, दोन यू दिसले तर तिचा ताबा आधीच एखाद्या ड्रायव्हरकडे आहे. मात्र ज्या बसवर पीएमआयसी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) आहे तिथे हे हत्यार जपून वापरा. चाचपणीसाठी पाठवलेला बाइट एखादी चिप आज्ञा समजून घेऊ शकते.

पिनेची दिशा हा दुसरा सापळा. सिग्नलच्या नावावर आडवी रेघ असेल किंवा नावात एन असेल, तर पिनेवरचं व्होल्टेज खाली गेल्यावर काम होतं, म्हणजे डिव्हाइस ट्रीत ॲक्टिव्ह-लो लिहायचं. पण पिन आणि चिप यांच्या मध्ये मॉसफेट (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) असेल तर अर्थ पुन्हा उलटा होऊ शकतो. नुसतं नाव वाचून पुढे जाऊ नका, ती रेषा शेवटपर्यंत बोटानं गिरवा.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो डिस्प्ले. रिफॉर्मवर चित्र एसओसीतून डीएसआय या जोडणीनं निघतं, एसएन६५डीएसआय८६ या ब्रिज चिपमध्ये ईडीपी या दुसऱ्या जोडणीच्या रूपात बदलतं आणि मग पॅनेलला पोचतं. बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) पीडब्ल्यूएम, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल, वेगळाच. यातला एक दुवा हलला तरी पडदा काळा. म्हणून कोडला हात लावण्याआधी पडद्यावर तिरका टॉर्च मारा. पुसट अक्षरं दिसली तर डेटाची साखळी शाबूत आहे, घोळ फक्त बॅकलाइटचा. काहीच दिसलं नाही तर डीबगएफएस या कर्नलच्या तपासणी-फोल्डरमधली ‘डिव्हायसेस_डिफर्ड’ ही फाइल वाचा. ज्यांना आपला रेग्युलेटर, क्लॉक (चिपला ठोके देणारा सिग्नल) किंवा ब्रिज अजून सापडलेला नाही असे ड्रायव्हर तिथे ताटकळत असतात. अनेकदा कारण अगदी साधं असतं: कॉन्फिगमध्ये ब्रिजचा किंवा पीडब्ल्यूएमचा पर्यायच चालू केलेला नसतो.

चित्र आलं आणि मग गेलं, तर केव्हा गेलं ते घड्याळ लावून मोजा. कोणी मागितलेली नाहीत अशी क्लॉक्स कर्नल बूटच्या शेवटी बंद करतो. तसेच बिनमागणीचे रेग्युलेटरही बंद करतो, पण सुमारे ३० सेकंद थांबून. बूटलोडरनं (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमनं) चालू ठेवलेल्या विजेवर पॅनेल तोवर फुकट जगत असतं. लगेच काळं झालं तर ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ देऊन पाहा, अर्ध्या मिनिटानं झालं तर ‘रेग्युलेटर_इग्नोर_अनयूज्ड’. हे निदानापुरतंच. पॅनेलच्या नोडमध्ये राहून गेलेला पुरवठा लिहिणं, हा खरा इलाज.

वायफायच्या लॉगमध्ये ‘एरर -२’ दिसली तर फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या कोडची) फाइल जागेवर नाही, एवढाच अर्थ. स्लीपमधून लॅपटॉप उठत नसेल तर ‘पीएम_टेस्ट’ ही स्लीपची चाचणी फ्रीझरपासून कोअरपर्यंत एकेक पायरी चढवत न्या. अडकतो ती पायरी सांगते दोष कुठल्या थरात आहे. बूट आर्ग्युमेंटमध्ये ‘नो_कन्सोल_सस्पेंड’ असू द्या, म्हणजे सीरियलवर शेवटचा संदेश सापडतो.

एवढं चाललं की पॅच (केलेले बदल) स्वतःच्या शाखेत ठेवून स्वस्थ बसावंसं वाटतं. तसं करू नका. कर्नलची नवी आवृत्ती दर ९-१० आठवड्यांनी येते, आणि बाहेर ठेवलेले पॅच दर वेळी नव्यानं बसवावे लागतात. सांभाळणारा दमला की तो लॅपटॉप जुन्या कर्नलवर अडकतो, मग त्याचं हार्डवेअर कितीही खुलं असो. मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ अधिकृत कर्नलमध्ये, गेलेलं डिव्हाइस ट्रीचं वर्णन मात्र सगळ्यांचं होतं.

पाठवताना क्रम पाळा. नवा कंपॅटिबल शब्द (ड्रायव्हर ज्यावरून चिप ओळखतो ते नाव) असेल तर त्याची यामल बाइंडिंग (नोड कशी लिहायची त्याचे नियम) वेगळ्या पॅचमध्ये आणि आधी. बोर्डाची डीटीएस फाइल (डिव्हाइस ट्रीचा मूळ मजकूर) नंतर. बाइंडिंगमध्ये हार्डवेअर काय आहे तेवढंच लिहा. लिनक्सनं कसं वागावं हे त्यात घुसवलं की मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारे) पॅच परत करतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पाठवण्याआधी चेकपॅच, ‘डीटी_बाइंडिंग_चेक’ आणि ‘डीटीबीएस_चेक’ या तपासण्या चालवा. कोणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर स्क्रिप्ट सांगते. ईमेल साध्या मजकुरात, गिट सेंड-ईमेल किंवा बी४ या साधनांमधून, साइन्ड-ऑफ-बाय (हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशा सहीच्या) ओळीसह. पॅचच्या दुसऱ्या आवृत्तीत काय बदललं ते तीन रेघांच्या (---) खाली लिहा. कर्नलची आवृत्ती आल्यानंतरच्या दोन आठवड्यांच्या मर्ज विंडोत (आधी तयार झालेले बदल मेनलाइनमध्ये घेण्याच्या काळात) नवे पॅच सहसा पडून राहतात, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून रोज आठवण करू नका.

एम्बेडेड लिनक्सच्या नोकरीसाठी हे कमिट (मेनलाइनमध्ये नोंदलेले तुमचे पॅच) बायोडेटाइतकेच उपयोगी पडतात, कारण तुमच्या कामावर मेंटेनरनं काय विचारलं आणि तुम्ही काय उत्तर दिलं, तेही कोणालाही वाचता येतं.

पहिल्या पॅचसाठी नवी चिप शोधत बसायची गरज नाही. हाती असलेल्या लॅपटॉपच्या मेनलाइनमधल्या डीटीएसवर ‘डीटीबीएस_चेक’ चालवा. एखादी वॉर्निंग सापडली तर ती घ्या, स्कीमॅटिकमध्ये ती पिन शोधा, वर्णन दुरुस्त करा, लॅपटॉप बूट करून ते उपकरण खरंच चालतंय ना ते पाहा. वॉर्निंग नसेल तर त्या बोर्डासाठी आलेला दुसऱ्याचा पॅच लिनक्स-नेक्स्टवर (पुढच्या आवृत्तीसाठी जमवलेल्या कर्नलवर) चढवून तपासा आणि काय चाललं, काय नाही, ते लॉगसकट कळवून टेस्टेड-बाय ही तपासल्याची ओळ द्या. तो बोर्ड हाती असलेली माणसं मोजकीच असतात, मेंटेनरकडेही तो बहुधा नसतो.