परदेशी उत्खननावर निघालात? गोव्यातल्या या सवयी घरीच ठेवा

गोव्यातून पुरातत्त्व शिकायला निघालेली मुलं बहुधा पुण्याच्या डेक्कन कॉलेजची वाट धरतात. पुढे एखाद्या उन्हाळ्यात कुणी परदेशातल्या उत्खननासाठी अर्ज करतं, निवड होते, आणि मग जोरात अभ्यास सुरू होतो: ताम्रयुग, लोहयुग, नबातियन, बायझंटाइन असे सगळे कालखंड. रोजचं जगणं कसं असेल हे मात्र कोणी विचारत नाही. खड्ड्यात अज्ञानातून होणारी चूक तिथला प्रमुख तासाभरात पकडतो. घरून सोबत आलेली सवय पकडायला कोणी नसतं, आणि माझ्या मते जास्त नुकसान तीच करते. इथे उदाहरण जॉर्डनचं घेतो. परदेशी पथकं तिथे वर्षानुवर्षं काम करत आली आहेत आणि दिवसाची घडी जवळपास सगळीकडे सारखी असते.

सामानातली पुडी

बॅग भरायला अख्खं घर जमतं आणि शाकुतीच्या मसाल्याची पुडी कुठल्या तरी कोपऱ्यात बसतेच. मोपाहून किंवा मुंबईहून अम्मानला जाताना विमान बऱ्याचदा दुबईला किंवा अबू धाबीला बदलावं लागतं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत मोडते, आणि खसखशीशिवाय शाकुती होत नाही. फक्त विमान बदलायचं असलं तरी मसाला घरीच राहू द्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांच्याबाबतही हेच. आपल्याकडे सहज मिळणारी गोळी तिथे पोलिसांपर्यंत नेऊ शकते. लागणारी औषधं मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, आणि वाटेतल्या प्रत्येक देशाची यादी आधी तपासा.

सुके बांगडे आणि सुंगटं नेऊ नका, त्याचं कारण साधं आहे: खोलीत तुमच्यासोबत आणखी चारपाच जण झोपणार आहेत. ट्रॉवेल, म्हणजे खणायची छोटी थापी, हातातल्या बॅगेत ठेवलं तर विमानतळावरच जप्त होईल, ते मोठ्या बॅगेत टाका. नवे बूट निघण्याआधी महिनाभर पायात घालून मऊ करा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा. परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा, कारण २०२४ आणि २०२५ मध्ये जॉर्डनचं आकाश विमानांसाठी अचानक बंद झालं होतं.

"उन्हाची आम्हाला सवय आहे"

हे वाक्य गोवेकराच्या तोंडी हमखास येतं आणि तोच पहिला आडवा होतो. आपला मे महिना दमट असतो. सदरा अंगाला चिकटतो, घाम डोळ्यांत उतरतो, शरीर ओरडून सांगतं की पाणी पी. जॉर्डनच्या पठारावर हवा इतकी कोरडी की घाम आला कधी आणि वाळला कधी ते कळत नाही. सदरा कोरडा, म्हणून वाटतं आपण मजेत आहोत. टोपीच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटलेली असते, ती आपल्याला दिसत नाही. अकराला डोकं धरतं, बाराला चक्कर येते.

म्हणून तहानेची वाट पाहू नका. घमेलं रिकामं करून परत आलात की दोन घोट, असा नियमच करा. मात्र तासन्‌तास नुसतंच पाणी पीत राहणंही चूक आहे; दिवसातून एकदोनदा ओआरएस घ्या आणि सकाळच्या खाण्यातले खारवलेले ऑलिव्ह बाजूला सारू नका. लघवी गडद पिवळी झाली तर उशीर झालाय असं समजा. हाफ पँट आणि बिनबाह्यांचा गंजी समुद्रकिनाऱ्यासाठी ठेवा. इथे सैल, पूर्ण बाह्यांचं सुती कापड लागतं. आणि एक स्वेटशर्ट घ्याच. पहाटे पाचला करकसारख्या उंचावरच्या गावी वारा असा झोंबतो की कुदळ हातात धरवत नाही.

दिवस पहाटे चारला सुरू होतो. पाचच्या सुमारास साइटवर, नऊच्या आसपास दुसरी न्याहारी, साडेबारा-एकला काम बंद, जेवण, झोप, चारला खापरं धुणं, संध्याकाळी नोंदी, आणि नऊला अंथरूण. साडेनऊला जेवायला बसणाऱ्या घरातून गेलेल्याला पहिला आठवडा जड जातो. म्हणून दुपारची झोप फिरण्यात घालवू नका. नऊची न्याहारीही टाळू नका: रोटी, लबने (घट्ट दही), काकडी, टोमॅटो, उकडलेली अंडी, झातर (रानओव्याची तिळाची पूड). शेतात राबणाऱ्याला दहाच्या पेजेचं जे मोल, तेच हिचं. शाकाहारी असाल तर अर्ज करतानाच कळवा. गावच्या स्वयंपाकघरात ऐनवेळी वेगळं काही शिजत नाही.

भिंत खणून टाकणे

जॉर्डनमधला खड्डा आपल्याला ओळखीचा वाटतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पाच मीटरचा चौरस, मध्ये न खणता सोडलेली मातीची पट्टी, म्हणजे बॉल्क: ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरने १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख असताना हीच पद्धत इथे रुजवली. तिकडे ती ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यनने नेली, १९५२ ते १९५८ या काळात जेरिकोला खणताना. पद्धत ओळखीची असली तरी माती तशी नाही.

गोव्यात भिंत म्हणजे जांभ्याचे चिरे. ट्रॉवेल आपटलं की कळतं. तिथली टेकाडं, महाराष्ट्रातल्या पांढरीच्या टेकाडासारखी, बरीचशी मातीच्याच बांधकामाची असतात. उन्हात वाळवलेली कच्ची वीट आणि तिच्यावर कोसळलेली माती एकाच रंगाची. नवखा माणूस उत्साहात खाली खाली जातो आणि दुपारी बॉल्कच्या बाजूने पाहिल्यावर लक्षात येतं की सकाळपासून तो भिंतच घमेल्यात भरत होता. ती परत बांधता येत नाही.

उपाय आहेत, फक्त घाई सोडावी लागते. टोकाने उकरू नका, ट्रॉवेलची कड आडवी धरून पृष्ठभाग साफ खरवडा. सकाळच्या तिरप्या उजेडात पाहा, बाराच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. हातपंपाने हलका फवारा मारून थांबा: विटा आणि त्यांच्यामधला मातीचा गारा वेगवेगळ्या वेगाने सुकतात, आणि काही क्षण रेघांची जाळी उमटते. तेवढ्यात खिळे ठोकून कडा धरा. जाळी एका दिशेने सारखी दिसली तर भिंत, वाकडीतिकडी दिसली तर पडझड. शंका असेल तर खणणं थांबवून प्रमुखाला हाक मारा. त्यात कमीपणा नाही. दगड उचलताना तो स्वतःकडे ओढत उचला, म्हणजे खालचा विंचू तुमच्या समोर न येता पलीकडे राहील. बूट सकाळी झटकून घाला, पावसाळ्यात आपण झटकतो तसेच.

चिठ्ठी नसलेली पिशवी

खापरांची पिशवी भरली, चिठ्ठी नंतर लिहू म्हटलं, तर ती पिशवी मेलीच. चिठ्ठीवर साइट, चौरस, लोकस (खणताना वेगळा ओळखलेला थर किंवा भाग) क्रमांक, पिशवीचा क्रमांक, तारीख आणि आपली आद्याक्षरं लागतात. एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर, दोन्ही खड्डा सोडण्याआधी. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०६/०७ आपल्यासाठी सहा जुलै, शेजारच्या अमेरिकन मुलीसाठी सात जून. कामगारांनी अरबी अंकांत काही लिहिलं असेल तर जपून वाचा, आपल्या डोळ्याला जे शून्य वाटतं ते त्यांचं पाच असतं.

जागेची नोंद किती कामाची हे जुन्या गोव्यातच पाहायला मिळतं. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या मठात मिळालेले अस्थी जॉर्जियाच्या राणी केतेवानचे, हे ठरवायला आधी जुन्या पोर्तुगीज कागदांतला जागेचा उल्लेख लागला, डीएनए तपासणी नंतर आली. २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला.

खापरं धुताना ब्रश सरसकट चालवू नका. आधी नुसतं पाण्यात बुडवून दोन्ही बाजू पाहा. जॉर्डनमधल्या हिस्बानसारख्या ठिकाणी शाईने लिहिलेली खापरं मिळाली आहेत, आणि ब्रशचा एक फटका सगळं पुसून टाकतो. धातू, गिलावा, रंगीत भांडी आणि आतून काळा थर असलेले तुकडे बाजूला काढून विचारा. तुटलेली कड मात्र नीट धुवा, मातीची जात तिथेच कळते. वाळवताना प्रत्येक ट्रेमधल्या चिठ्ठीवर खडा ठेवा, वारा तिला शेजारच्या ट्रेमध्ये नेतो.

पाणी, माणसं, फोन

आपण सकाळ-संध्याकाळ बादली भरून आंघोळ करणारे. जॉर्डन पाण्याच्या बाबतीत जगातल्या सर्वांत टंचाईच्या देशांपैकी एक आहे. पुष्कळ घरांना नळाचं पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि छतावरच्या टाकीत साठवून पुरवायचं असतं. तुमची लांबलेली आंघोळ म्हणजे शेजारच्या खोलीतल्याचं कोरडं डोकं. साबण लावताना नळ बंद. संडासात कागद टाकू नका, शेजारी डबा असतो.

कामगार बहुतेक आजूबाजूच्या गावचे असतात आणि काहींनी तुमच्या जन्माआधीपासून घमेली वाहिली आहेत. आपण वडीलधाऱ्याला नुसत्या नावाने न हाकारता बाब जोडतो. तिथे थोरल्या मुलाच्या नावावरून अबू अमुक, म्हणजे अमुकचा बाप, म्हणतात. कुणाचं काय ते पहिल्या दिवशी विचारून घ्या. चहाला नाही म्हणू नका. कॉफी पुरे झाली की कप हलकेच हलवून परत द्या, नाहीतर ओततच राहतील. "सोनं मिळालं का?" हा प्रश्न रोज येईल, कारण तुर्कांनी पळताना सोनं पुरलं अशी तिकडे घट्ट समजूत आहे. त्यावर थट्टेनेही "हो" म्हणू नका. रात्री कुणीतरी तुमच्या खड्ड्यात उतरेल.

याच कारणाने फोटो व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकणं बंद. काही सापडलं की ते जाहीर करण्याचा हक्क तिथल्या पुरातत्त्व खात्याचा, तुमचा नाही. खात्याचा प्रतिनिधी साइटवर असतोच. आठवण म्हणून एखादं बिनकामाचं खापर खिशात टाकणं हा तिथे गुन्हा आहे, आणि पेट्रात मुलं विकतात ती "जुनी" नाणी घेऊन विमानतळावर पोहोचणंही तितकंच धोक्याचं. खरी निघाली तर जप्ती आणि चौकशी, खोटी निघाली तर पैसे गेले. खड्ड्याजवळ कुणी नाणं हातात ठेवलं तर ते घेऊन थेट प्रतिनिधीकडे जा आणि कुठे मिळालं ते त्याच्यासमोर लिहून घ्या.