काउंट जुळला म्हणून तिकीट बंद करू नका: पॉडकास्ट मायग्रेशन तपासताना या चुका टाळा

‘मॅडम, काउंट जुळला. तिकीट बंद करू का?’

हे वाक्य माझ्याकडे बहुतेक शुक्रवारी संध्याकाळी येतं, आणि बोलणाऱ्याची बॅग आधीच खांद्यावर असते. जुन्या टेबलात जेवढे एपिसोड होते तेवढेच नव्या टेबलात आले, म्हणजे काम फत्ते आणि तिकीट, म्हणजे त्या कामाची नोंद, बंद. मी छत्रपती संभाजीनगरात बसून शैक्षणिक ॲपचं टेस्टिंग करते, आणि या एका वाक्यापायी किती सोमवार वाया गेले ते मोजणं सोडून दिलंय.

आधी काम काय असतं ते सांगते. आमच्या ॲपमध्ये पूर्वी कोर्सचं टेबल वेगळं, व्हिडिओचं वेगळं, पॉडकास्टचं वेगळं आणि त्याच्या एपिसोडचं वेगळं होतं. पुढे सगळं एका ‘रिसोर्स’ टेबलाखाली आणायचं ठरलं. डेटा असा जुन्या जागेहून नव्या जागी हलवणं म्हणजे मायग्रेशन. कोर्स असो की एपिसोड, मुख्य ओळ तिथे. ऑडिओची लिंक, कालावधी, फीडचा (ज्यातून नवे एपिसोड आपोआप येतात त्या यादीचा) पत्ता अशी पॉडकास्टपुरती माहिती जोडटेबलात. कल्पना चांगली आहे, शोध एकच होतो, विद्यार्थी-शिक्षकांच्या याद्या (प्लेलिस्ट) एकाच ठिकाणी येतात. घोळ होतो तो सामान हलवताना. घर बदलताना खोकी मोजून घेतली म्हणजे आतल्या बरण्या शाबूत आहेत असं कुणी धरत नाही. डेटा हलवताना मात्र धरतात.

आयडी बदलतो, याद्या बदलत नाहीत

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून जरा लांबण लावते.

मायग्रेशन झालं, काउंट जुळला. एपिसोड जुळले, याद्या जुळल्या, यादीतल्या नोंदीही जुळल्या. सोमवारी सकाळी धाराशिव जिल्ह्यातल्या एका सरांचा फोन आला. त्यांनी दहावीच्या विज्ञानासाठी बारा एपिसोडची यादी केली होती. वर्गात ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा, एपिसोड लावायचा आणि मधे थांबवून फळ्यावर आकृती काढायची, अशी त्यांची पद्धत. सर म्हणाले, ‘मॅडम, प्रकाशाचं अपवर्तन लावलं अन् एक बाई मशीनीत दोरा कसा ओवायचा ते सांगायलीय. पोरं हसून हसून लोळायलीत.’

यादीत बाराच नोंदी होत्या. एकही गहाळ नव्हती. अपवर्तनाच्या एपिसोडचा जुना आयडी २१४ होता. नव्या टेबलात कोर्स आधीच जाऊन बसले होते, त्यामुळे २१४ नंबर शिवणकामाच्या कोर्सकडे गेला आणि अपवर्तनाला हजाराच्या पुढचा कुठलासा नंबर मिळाला. डेटा हलवणाऱ्या स्क्रिप्टने यादीतले जुने नंबर जसेच्या तसे उचलून ठेवले. डेटाबेस ओरडला का? कशाला ओरडेल! २१४ नंबरचा रिसोर्स खरोखर होता. फॉरेन की (यादीतला नंबर रिसोर्स टेबलात आहे ना, एवढंच बघणारा नियम) खूश, काउंट खूश, आणि वर्गात शिवणकाम.

आमची पहिली धावपळ म्हणजे आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. दोन जण अर्धा दिवस ऑडिओ सर्व्हरच्या लॉगमध्ये डोकं घालून बसले, कारण तक्रार ‘चुकीचा आवाज लागतो’ अशी लिहिली गेली होती.

तेव्हापासून माझा नियम असा की जुना आयडी आणि नवा आयडी शेजारी शेजारी लिहिलेलं टेबल हातात आल्याशिवाय मी टेस्टिंग सुरूच करत नाही. ‘स्क्रिप्टमध्ये मेमरीत असतं ते’ हे उत्तर मला चालत नाही. मेमरीतलं मला दुसऱ्या दिवशी दिसत नाही. टेबल मिळालं की जुन्या यादीतून जुनं शीर्षक काढायचं, नव्या यादीतून नवं, आणि दोन्ही एका ओळीत ठेवून न जुळणाऱ्या ओळी मागायच्या. उत्तर शून्य ओळी यायला हवं. जुळवणी आयडीवर करायची नाही, कारण आयडीच तर संशयित आहे. एपिसोडच्या जीयूआयडीवर (फीडमध्येच प्रत्येक एपिसोडला दिलेली कायमची ओळख) किंवा ऑडिओच्या लिंकवर करायची.

शिवाय मायग्रेशनच्या आदल्या दिवशी मी माझ्या खात्यावर पाच याद्या करून ठेवते. एक मुद्दाम उलट्या क्रमाची, एक कोर्स आणि एपिसोड मिसळलेली, एक रिकामी, एक अशी की जिच्यातला एपिसोड नंतर काढून टाकलाय, आणि एकीत अर्धवट ऐकलेला एपिसोड, नेमका कितव्या मिनिटाला थांबले ते वहीत लिहून. हो, वहीत. स्क्रीनशॉट कुठल्या फोल्डरात गेला हे शोधण्यात माझा जन्म जायचा नाही.

पहिल्या दहा ओळी बघणारे

शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यातला असेल तरच. आपल्या टेबलात पाच-सहा वर्षांत निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या फीडमधून, कधी हाताने भरलेला डेटा असतो. पहिल्या दहा ओळी नेहमीच चांगल्या असतात, कारण त्या उद्घाटनाच्या वेळी कुणीतरी मन लावून भरलेल्या असतात. सगळ्यात लांब शीर्षक, रिकामं वर्णन, दोन पॉडकास्टमध्ये सारख्याच नावाचा एपिसोड, ज्याचा पॉडकास्टच उडवलाय असा पोरका एपिसोड आणि सगळ्यात शेवटची ओळ, हे मी आधी बघते.

लांब शीर्षकाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट घेतो. ‘ज्ञा’ दिसायला एक अक्षर, पण आत ज, हलंत, ञ आणि काना असे चार घटक, म्हणजे १२ बाइट. त्यामुळे कुठे मर्यादा २५५ बाइटची असेल तर आपल्याला मिळतात फक्त ८५ घटक. इंग्रजी शीर्षकांवर टेस्ट करून ‘पास’ लिहिणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा.

बीडला समुद्र आला

ही माझी दुसरी दुखरी नस.

भूगोलाच्या एका मालिकेत एपिसोड होता ‘बालाघाटच्या दऱ्या’. मायग्रेशननंतर ॲपवर दिसला ‘बालाघाटच्या दर्या’. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथे आमच्या स्क्रिप्टने फुकटात दर्या आणून दिला. त्याच झटक्यात ‘शेतकऱ्यांसाठी’चं ‘शेतकर्यांसाठी’ झालं आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’. ज्याने स्क्रिप्ट लिहिली तो म्हणाला, फॉन्टचा प्रॉब्लेम असेल. फॉन्ट बिचारा मुकाट्याने आरोप सहन करतो.

खरं कारण असं. हा ‘ऱ्य’ दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत नुक्त्याचा ऱ, हलंत आणि य. दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलंत, मग झीरो-विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह आणि त्यापुढे य. आमची जुनी शीर्षकं बरीचशी दुसऱ्या पद्धतीची होती. स्क्रिप्टमध्ये कुणीतरी ‘साफसफाई’ म्हणून सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकणारी ओळ घातली होती. वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात नको ती अदृश्य चिन्हं येतात, त्यामुळे हेतू वाईट नव्हता. पण जॉइनर गेला की र डोक्यावर जाऊन बसतो आणि दरीचा समुद्र होतो. आचाऱ्यांना बोलवायचं तर आचार्यांना निरोप जातो.

याचंच धाकटं भावंड शोधात सापडतं. नुक्त्याचा ऱ एकसंध साठवता येतो किंवा र आणि नुक्ता असा सुटा. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो. पण जुना डेटा सुटा आला आणि विद्यार्थ्याच्या फोनने एकसंध टाइप केला, तर ‘दऱ्या’ शोधून काही मिळत नाही, आणि तो एपिसोड समोर यादीत दिसत असतो! दोन्ही बाजू युनिकोडच्या एनएफसी नावाच्या एकाच प्रमाण रूपात आणा, हा त्यावरचा उपाय. जॉइनरचं दुखणं मात्र एनएफसीने जात नाही, तो वेगळा सांभाळावा लागतो. दोन उपाय एकच समजून एकावर भागवणारे मला दर वर्षी भेटतात.

माझ्याकडे पंधरा शीर्षकांची एक ‘विषारी’ यादी आहे: ऱ्य, ऱ्ह, ज्ञ, ॲ, अवतरणचिन्हं, मधेच इमोजी. प्रत्येक मायग्रेशनच्या आधी ती जुन्या टेबलात घालते आणि नंतर नव्यात डोळ्यांनी वाचते. इमोजी अशासाठी की मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये घटकाला ३ बाइटच मिळतात. मराठी बसते, इमोजीला ४ लागतात. सेटिंग सैल असेल तर इमोजीपासून पुढचं सगळं गुपचूप कापलं जातं.

तारीख

किल्लारीच्या भूकंपावर आमचा एक एपिसोड होता. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे. मालिका करणाऱ्यांनी तो मुद्दाम ३० सप्टेंबरला त्याच वेळेला प्रसिद्ध केला होता. मायग्रेशननंतर ॲपवर तारीख आली २९ सप्टेंबर. आपली वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे, त्यामुळे ३:५६ चे आदल्या दिवशीचे २२:२६ झाले. साठवणूक बरोबर होती, पडद्यावर दाखवताना परत भारतीय वेळेत आणायचं राहिलं. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला ती तारीख चुकीची दाखवणं ही निव्वळ डिस्प्लेची चूक नसते. औशाहून आलेल्या एका मेलमध्ये एवढंच होतं: ‘तारीख नीट करा.’ मी लातूरची आहे, मला खाली मान घालावीशी वाटली.

उलटंही होतं. जुन्या टेबलातली भारतीय वेळ यूटीसी समजून घेतली, तर संध्याकाळी सातचा एपिसोड दुसऱ्या दिवशी रात्री साडेबाराला जातो. त्यामुळे दुपारचे एपिसोड तपासून काही कळत नाही. मी मध्यरात्रीचा, पहाटेचा आणि संध्याकाळी साडेसहानंतरचा असे तीन उचलते. १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिनाचा एपिसोड रात्री बाराला पडलेला असतो, तो तर माझा हक्काचा नमुना.

बाकीच्या, पटापट

मायग्रेशन दोनदा चालवून बघा. दुसऱ्यांदा एकही नवी ओळ यायला नको. त्यानंतर रात्रीचं फीड-इंपोर्टही स्टेजिंगवर, म्हणजे ॲपच्या चाचणीच्या प्रतीवर, चालवा. आमच्या एका बहाद्दराने जीयूआयडीमधला एचटीटीपी ‘सुधारून’ एचटीटीपीएस केला. रात्री फीड आलं, जुना जीयूआयडी सापडेना, आणि सकाळी त्या पॉडकास्टचे सगळे एपिसोड दोन-दोन. जीयूआयडी दिसायला पत्ता असला तरी ती ओळख आहे. त्याला हात लावायचा नाही, त्यातली चूकसुद्धा दुरुस्त करायची नाही.

कालावधी कुणी सेकंदात देतं, कुणी ‘२५:००’ असा. पंचवीस मिनिटांचा पाठ पंचवीस तासांचा झालेला मी पाहिलाय.

लिंकला २०० (‘सगळं ठीक’चा कोड) उत्तर आलं म्हणजे आवाज आला असं नाही, लॉगिनचं पानही २०० देतं. फाइलचा प्रकार आणि आकार बघा. १२८ केबीपीएसची एमपी३ मिनिटाला साधारण १ एमबी भरते, त्यामुळे वीस मिनिटांचा एपिसोड ४० केबीचा असेल तर तो एपिसोड नाही. मग हेडफोन लावून शेवटची दहा सेकंदं ऐका. मधे उडी मारूनही बघा, सर्व्हर रेंज रिक्वेस्ट, म्हणजे फाइलचा मधलाच तुकडा मागणं, मानत नसेल तर कळतं.

अप्रकाशित एपिसोड अप्रकाशितच राहिलेत का ते लॉगआउट करून बघा. ॲडमिनला सगळंच दिसतं.

सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली डेटाची फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. पंधरा आकड्यांच्या पुढे एक्सेल शून्य भरतं आणि मोठे आयडी कायमचे जातात.

गावांची नावं बदलली म्हणून सरसकट फाइंड-रिप्लेस नको. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, आणि तिथल्या धड्यात छत्रपती संभाजीनगर घालून ठेवणारे आमच्याकडे निघाले.

बॅकअप घेतलाय असं सांगू नका, परत चढवून दाखवा. आणि जुनं टेबल त्याच दिवशी उडवायची घाई कशाची? ते भाडं मागत नाही. निदान एक परीक्षेचा हंगाम जाऊ द्या. एआयकडून स्क्रिप्ट लिहून घेणाऱ्या पोरांवर माझा राग नाही, पण टेबल उडवणारी ‘ड्रॉप’ची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने टाइप करावी, म्हणजे बोट जरा अडखळतं.

त्या सरांची यादी आम्ही दुपारपर्यंत दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला मीच त्यांना फोन लावला आणि म्हटलं, सर, आत्ता वर्गात लावून बघा, मी लाइनवर थांबते. स्पीकरची शिट्टी ऐकू आली, पोरांचा गलका, मग आवाज सुरू झाला.

‘अपवर्तनच लागलंय मॅडम,’ सर म्हणाले. ‘पण आवाज लई बारीक हाय.’

ते मूळ रेकॉर्डिंगच तसं आहे. त्याचं वेगळं तिकीट केलं.