कासाई ऑपरेशननंतर बाळाचे रक्ताचे रिपोर्ट कसे बघायचे

पित्तनलिका बंद असलेल्या बाळाचं आतडं थेट यकृताला जोडून पित्ताला वाट करून देतात, ते कासाई ऑपरेशन. त्यानंतर रिपोर्ट आला की घरचे आधी एसजीपीटी शोधतात. तो यकृताच्या पेशींची सूज सांगतो, पण यकृत पार निबर झाल्यावरही तो उतरलेला दिसू शकतो. म्हणून पहिली नजर बिलिरुबिनवर, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पित्तातल्या पिवळ्या द्रव्यावर. ऑपरेशननंतर तीन महिन्यांत टोटल बिलिरुबिन २ मिलीग्रॅमच्या खाली आलं, तर पित्त नीट वाहतंय असं समजायला हरकत नाही. डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की रक्तात साठणारा त्याचा भाग) पुन्हा चढू लागलं, शी पांढुरकी झाली, की पुढच्या तारखेची वाट बघू नका.

बिलिरुबिन उजेडात मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. गारगोटी-गडहिंग्लजला रक्त काढून नमुना कोल्हापूरच्या लॅबला जाणार असेल, तर नळी फॉईलमध्ये गुंडाळायला सांगा. टाच पिळून रक्त काढलं तर तांबड्या पेशी फुटतात आणि एसजीओटी (एसजीपीटीचाच जोडीदार, पण तांबड्या पेशींतही असतो) उगाच वाढतो, शिरेतूनच घ्यावं.

अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा मोठा दिसला तरी घाबरू नका, वाढत्या हाडांमुळे लहान मुलांत तो जास्तच असतो. पित्तमार्गासाठी जीजीटी बघा, पित्त अडलं की तो वाढतो. मात्र तान्ह्या बाळात तोही मुळात जास्त असतो, तेव्हा वयानुसार मर्यादा दिलेली लॅब निवडा आणि शक्यतो तीच धरा. राजारामपुरीत एकदा, शाहूपुरीत एकदा असं केलं की आकडे जुळवता येत नाहीत.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा. तो वाढला म्हणजे यकृत गेलंच असं नाही. रक्त गोठायला जीवनसत्त्व के लागतं आणि पित्ताअभावी ते शोषलं जात नाही. डॉक्टर त्याचं इंजेक्शन देऊन पुन्हा तपासतात. उतरला तर कमतरता, नाही उतरला तर मात्र यकृताचीच ताकद घटलीय. या तपासणीची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली नसेल तरी आकडा चुकतो. अल्ब्युमिन, म्हणजे यकृतात बनणारं प्रथिन, सावकाश हलतं, त्याचा विचार महिन्यांच्या हिशेबाने.

प्लेटलेट दीड लाखाखाली घसरत चालल्या तर प्लीहा वाढतेय का, हे तपासून घ्या. यकृत किती निबर झालंय याचा अंदाज घ्यायला डॉक्टर ‘एप्री’ नावाचा आकडा काढतात तो असा: एसजीओटी १२०, लॅबची मर्यादा ४०, म्हणजे तिप्पट, त्याला शंभराने गुणून ३००, प्लेटलेट दीड लाख, म्हणजे हजारांत १५०, भागाकार २. एकट्या आकड्यापेक्षा तो दर खेपेला चढतोय का, हे महत्त्वाचं. नळीत गुठळी झाली तरी प्लेटलेट कमी दिसतात, तेव्हा एकदा पुन्हा मोजून घ्या.

आणि ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळ उजाडायची वाट बघू नका. पित्तमार्गात जंतुसंसर्ग असू शकतो. रात्री असो की रविवारी, थेट दवाखाना गाठा. तिथे सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (सूज-संसर्गाची खूण), बिलिरुबिन आणि अँटिबायोटिकआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ते बघणं).