व्हिट्संडे बेटांवर मोटरबोट नेताय? या चुका टाळा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगत व्हिट्संडेची ७४ बेटं आहेत. तिथे भाड्याची बोट आपली आपण चालवता येते, त्यासाठी बोटीचं लायसन्स लागत नाही. हे सांगितलं की ब्रिस्बेन-मेलबर्नमधली आपली मंडळी पहिलं हेच विचारतात, "पण चालवायला जमेल का?" जमतं. निघण्याआधी कंपनीचा माणूस काही तास बसवून सगळं समजावतो, बंदराबाहेर नेऊन तुमच्याकडून नांगर टाकून घेतो. त्याचा तुमच्यावर भरवसा बसला नाही, तर पहिल्या दिवसासाठी पैसे भरून जाणता माणूस सोबत घ्यावा लागतो.

आम्ही तीन कुटुंबं मिळून दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा जे बिघडलं, त्यातलं जवळजवळ सगळं बोट थांबवताना किंवा थांबलेली असताना बिघडलं. किनाऱ्यावरच्या एअरली बीच गावाहून हुक बेटावरच्या नारा इनलेटपर्यंत सुकाणू धरणं हे दोन तासांचं काम. त्याच ठिकाणी पुढचे चौदा तास बोट जागेवर राहील अशी ठेवणं हे खरं काम. तयारी मात्र सगळे त्या दोन तासांचीच करतात.

सुट्टी बघून तारीख ठरवणं

भारतातून येणारे नातेवाईक मे महिना सुचवतात, कारण मुलांना सुट्टी असते. तेव्हा इथे आग्नेय वारा जोर धरतो. एप्रिलपासून पुढे काही महिने १५ ते २५ नॉट्सचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा दिवसचे दिवस न थांबता वाहतो. डिसेंबर ते मार्च उकाडा, पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ. २०१७ च्या मार्चअखेर डेबी वादळ नेमकं याच बेटांवरून आत आलं होतं. माझ्या मते ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा उत्तम काळ. वारा पडलेला असतो आणि सप्टेंबरपर्यंत हंपबॅक देवमासे पिल्लांसह दिसतात. त्यांच्यापासून या भागात ३०० मीटर लांब राहायचं, हा नियम आहे. दिवाळी ऑक्टोबरात येत असेल, तर याहून चांगला योग नाही.

वेगवान बोट मागणं

मोटरबोट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाणी कापत जाणारी बोट येते. बेटं जवळजवळ आहेत, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला एक-दोन तास पुरतात. आमच्या बोटीला सात-आठ नॉट्सला दोन्ही इंजिनं मिळून तासाला वीसेक लिटर डिझेल लागायचं. पंधरा नॉट्सला त्याच्या चौपट. टाकी भरून परत द्यायची असते, त्यामुळे हा हिशोब शेवटच्या सकाळी समोर येतो. बाँड म्हणून ठेवलेल्या रकमेतून पंख्याचं (प्रॉपेलरचं) आणि डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं, नुकसान कापून घेतात का, हे सही करण्याआधी विचारा आणि बोट ताब्यात घेताना तिचा सगळीकडून व्हिडिओ काढा.

उंच दुमजली बोटीवरून देखावा छान दिसतो, पण तेवढंच अंग वाऱ्यालाही मिळतं. नांगरावर ती रात्रभर डावी-उजवी झुलते. सोबत वयस्कर मंडळी असतील तर दोन सांगाड्यांची मोटर कॅटामरान घ्या. ती कमी डोलते.

भरतीचं गणित मनाशी करणं

हा भाग नीट वाचा. माझं बालपण मालवणात गेलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे आजोबांकडून शिकलो होतो. तो हिशोब कोकण किनाऱ्याचा आहे, इथे लागू होत नाही. इथे त्या बंदराचा छापील भरती-ओहोटीचा तक्ता वापरायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग (सगळ्यात कमी चढ-उतार), हे मात्र इथेही तसंच. उधाणाला पाणी साडेतीन-चार मीटरपर्यंत चढतं-उतरतं. मालवणच्या मानाने हे खूपच जास्त आहे, आणि पाणी सारख्या वेगाने उतरत नाही.

समजा भरती-ओहोटीत ३.६ मीटरचा फरक आहे. त्याचे बारा भाग करा. प्रत्येक भाग ३० सेंटिमीटर. ओहोटी लागल्यावर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे सुरुवातीला तासभरात जेमतेम वीतभर-दीडवीत पाणी हललेलं दिसतं, "अजून वेळ आहे" असं वाटतं, आणि मधल्या दोन तासांत पावणेदोन मीटरहून जास्त पाणी निघून जातं.

हा हिशोब आम्ही पहिल्या फेरीत टंग बे या खाडीत शिकलो. तिथे डिंगी किनाऱ्याला लावून टेकडीवर चढलं की हिल इनलेट दिसतं, पांढऱ्या वाळूत निळ्या-हिरव्या पाण्याच्या वळ्या. नेमका पेच असा की ते दृश्य ओहोटीकडे जास्त सुंदर दिसतं आणि डिंगी किनाऱ्याला लागते ती भरतीला. आम्ही उतरत्या पाण्यावर गेलो, डिंगी वाळूवर ओढून झाडाला बांधली आणि वर गेलो. सव्वा तासाने आलो तर डिंगी आणि पाणी यांच्यामध्ये खडक आणि प्रवाळ उघडे पडलेले. इंजिनासकट ती डिंगी सहा जणांना उचलेना. ओढली असती तर तळही फाटला असता आणि प्रवाळही मोडला असता. पिण्याचं पाणी बोटीवर. सासूबाई आणि दोन मुलं उन्हात चार तास बसली. आजही ते आठवलं की माझा जीव खाली-वर होतो.

आता आम्ही दोन तुकड्यांत जातो. एक जण डिंगीपाशी थांबतो आणि पाणी उतरेल तशी ती मागे सरकवत राहतो. तसं जमणार नसेल तर डिंगीचा छोटा नांगर खोल पाण्यात टाकून तिला तरंगती ठेवा आणि गुडघाभर पाण्यातून चालत जा. किनाऱ्यावर जाताना पाण्याच्या बाटल्या, टोप्या आणि बिनतारी हँडसेट बरोबर हवाच. मोबाइलची रेंज बेटांमागे जाते.

दिसेल तेवढ्या खोलीला साखळी सोडणं

कंपनी सांगते, खोलीच्या पाचपट साखळी सोडा. लोक खोलीमापकावर ५ मीटर बघतात आणि २५ मीटर सोडतात. पण ती खोली ओहोटीची असेल, तर भरतीला तिच्यात ३.६ मीटर वाढणार. शिवाय साखळी बोटीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, खाली जाते, ती पाण्यापासून सुमारे १.४ मीटर उंच. बेरीज झाली १० मीटर, म्हणजे साखळी हवी ५० मीटर. पंचवीसच सोडली तर मध्यरात्री भरती आल्यावर तिची ओढ तिरकी, वरच्या दिशेने बसते आणि नांगर जमिनीतून उचकटतो. उलटंही होतं. भरतीला ४ मीटर पाणी बघून नांगर टाकला, तर ओहोटीला हातभरच पाणी उरतं आणि पंखे रुततात.

नांगर प्रवाळात टाकायचा नाही, वाळूत किंवा चिखलात टाकायचा. पांढऱ्या पिरॅमिडसारख्या बोयांच्या रांगेच्या किनाऱ्याकडच्या बाजूला नांगर टाकायला बंदीच आहे. नांगर तळाला लागला की बोट हळूहळू मागे घेत साखळी सोडा, मग दोन्ही इंजिनं मागच्या गिअरला घालून ताण द्या. साखळीवर हात ठेवा. खडखड, थरथर जाणवली तर नांगर फरफटतोय. ती एकदा ताठ होऊन शांत राहिली तर बसला. मग किनाऱ्यावरच्या एका रेषेत येणाऱ्या दोन खुणा हेरून ठेवा, एक खडक आणि त्याच्या मागचं झाड. वारा तोच असताना ती रेष सुटली, तर बोट सरकली. रात्री खुणा दिसत नाहीत, म्हणून जीपीएसवर नांगराचा अलार्म लावून झोपा.

रात्री नांगर सुटलाच तर आधी इंजिन सुरू करा, मग बाकीचं. मागे जागा असेल तर आणखी साखळी सोडा, नसेल तर उचलून दुसरीकडे टाका. व्हिट्संडेचे डोंगर उंच आहेत. आडोशाच्या खाडीतही त्यांच्यावरून वाऱ्याचे झोत कोसळतात, मिनिटभर शांत आणि मग एकदम तीस नॉट्स. नारा इनलेटला ही गोष्ट आम्ही दोन्ही वेळा अनुभवली.

विंडलस, म्हणजे नांगराची साखळी ओढणारं यंत्र, चालत नाही म्हणून सकाळी घाबरून फोन करणारे पुष्कळ असतात. बहुतेक वेळा इंजिन बंद असतं किंवा ब्रेकर पडलेला असतो. ब्रेकर का पडला हे बघा. विंडलस साखळी गोळा करण्यासाठी आहे, अख्खी बोट नांगराकडे ओढण्यासाठी नाही. इंजिनाने बोट हळूच पुढे न्या, साखळी सैल पडू द्या, मग गोळा करा. नांगर बसल्यावर साखळीचा ताण विंडलसवर न ठेवता स्नबरच्या, म्हणजे साखळीला अडकवून बोटीला बांधायच्या, दोरावर घ्या.

संध्याकाळी जागा शोधत फिरणं

चार वाजेपर्यंत नांगर टाकलेला असावा, अशी बहुतेक कंपन्यांची अट असते. मी तीन म्हणेन. सूर्य डोक्यावर किंवा पाठीमागे असतानाच पाण्याचा रंग वाचता येतो. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. ऊन समोरून तिरकं आलं की सगळं एकसारखं चकाकतं. पोलराइज्ड चष्मा घालून एक जण नाळेवर उभा हवा. शिवाय सार्वजनिक मूरिंगचे, म्हणजे नांगर न टाकता बोट बांधायचे, बोये दुपारनंतर भराभर भरतात. बोयावरचा रंगीत पट्टा आणि लेबल वाचा. किती लांबीच्या बोटीला तो चालतो आणि किती वेळ थांबता येतं, ते तिथेच लिहिलेलं असतं. बोया पकडायला वाऱ्याच्या तोंडावर, चालण्याच्या गतीने या. चुकलं तर सोडून द्या आणि पुन्हा फेरी मारा. हुक धरून बोटीशी ओढाताण करताना माणसं पाण्यात पडतात.

डिंगीचा दोर विसरणं

डिंगी मागे लांब दोरावर ओढत नेतात. खाडीत आल्यावर नांगर बसवण्यासाठी बोट मागे घेता, दोर सैल पडतो आणि पंख्यात जातो. मागचा गिअर टाकण्याआधी डिंगी जवळ ओढून बाजूला बांधायची, हे काम एका ठरावीक माणसाचंच असू द्या. आमच्यात ते पंधरा वर्षांच्या पुतणीकडे आहे आणि ती ओरडून "डिंगी आवळली" म्हणाल्याशिवाय कोणी गिअरला हात लावत नाही. दोर अडकलाच तर दोन्ही इंजिनं बंद, नांगर खाली, किल्ल्या खिशात. पाण्याला ओढ असेल तर खाली उतरू नका. दुसऱ्या पंख्यावर बोट घरी येते.

डिंगीचं इंजिन सुरू होत नसेल तर चार गोष्टी बघा: लाल किल-कॉर्ड (निसटली की इंजिन बंद पाडणारी दोरी) जागेवर आहे का, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का, पेट्रोलचा फुगा दाबून घट्ट झाला का, गिअर न्यूट्रलला आहे का. आणि डिंगीला पेट्रोल लागतं, बोटीला डिझेल. कॅनची अदलाबदल करू नका.

सुंदर दिसलं की उडी मारणं

सिड हार्बर ही खाडी आग्नेय वाऱ्यापासून सुरक्षित, म्हणून तिथे बोटींची गर्दी असते. २०१८ साली तिथे शार्कने तीन जणांवर हल्ले केले, त्यातला एक जण गेला. तिथे पोहू नका. कुठेही उरलेलं अन्न किंवा माशांची घाण नांगरलेल्या बोटीवरून टाकू नका. नोव्हेंबर ते मे या काळात विषारी जेलीफिशसाठी अंगभर सूट घाला. बाकीच्या महिन्यांतही मी मुलांना तो घालायला लावतो. डंख झालाच तर त्यावर भरपूर व्हिनेगर ओता आणि लगेच मदत मागा. संडासाची टाकी बेटापासून आणि प्रवाळापासून किमान एक सागरी मैल लांब गेल्यावरच रिकामी करा.

आपल्याकडे स्वयंपाक खूप होतो, म्हणून हेही सांगतो. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि ठिणगीची वाट पाहतो. पोहे झाले, चहा झाला की बटणावर थांबू नका, बाटलीचा व्हॉल्व्हही बंद करा.

इंजिनाच्या अलार्मवर "बघू नंतर" म्हणणं

समुद्राचं पाणी आत येऊन इंजिन थंड करतं आणि एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. रोज सकाळी इंजिन सुरू केल्यावर मागे वाकून दोन्ही बाजूंनी पाणी फसफसून येतंय का ते बघा. दुसऱ्या फेरीत एका सकाळी उजवीकडचं पाणी कमी आलं. अलार्म वाजला नव्हता, म्हणून आमच्यातल्या दोघांचं मत होतं की निघू या. कंपनीचा रेडिओवरून रोज सकाळ-दुपार हालहवाल घेण्याचा रिवाज असतो. लोक त्यात "सगळं ठीक" एवढंच सांगतात, आपली चूक निघेल या भीतीने. मी पाण्याचं सांगितलं. पलीकडच्या बाईंनी दोनच प्रश्न विचारले: वाफ दिसते का, काल किनाऱ्याच्या किती जवळ होतात? मग इंजिन बंद करून समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करायला आणि गाळणी उघडायला सांगितली. आत मुठीएवढं शेवाळ निघालं. गाळणी धुतली, झाकण घट्ट बसवलं, कॉक पुन्हा उघडला आणि इंजिन सुरू केलं. दहा मिनिटांत दोन्ही बाजूंनी सारखं पाणी येऊ लागलं आणि नऊच्या आत आम्ही नांगर उचलला.