डॉग फूडची पिशवी उलटी करा : घटकांची यादी वाचून दर्जा कसा ओळखावा

पेट शॉपमध्ये डॉग फूडच्या पिशव्यांची भिंतच असते. प्रत्येक पिशवीवर चकाकत्या केसांचा लॅब्रेडॉर नाहीतर गोल्डन, त्याच्या पायाशी चिकनचा तुकडा, गाजर, मटार आणि हल्ली ब्लूबेरीसुद्धा. हे झालं विकणाऱ्याचं म्हणणं. आत काय आहे ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असतं, आणि ते वाचायला पाच मिनिटं पुरतात. मोबाइलवर फोटो काढून झूम करा; चाळिशी लागलेल्यांना तर दुसरा इलाजच नाही.

पिशवीवर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक नसला तर दचकू नका. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ‘अन्न’ म्हणजे माणसाचं अन्न. जनावरांचं खाद्य त्यात धरलेलं नाही. भारतीय मानक ब्युरोचं पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी आयएस 11968 हे मानक आहे. त्याचा उल्लेख असेल तर उत्तमच. नसेल तर तपासणी आपली आपणच करायची.

1. पुढचे शब्द बाजूला ठेवा

‘प्रीमियम’, ‘सुपर प्रीमियम’, ‘होलिस्टिक’ या शब्दांना कायद्याची कुठलीच व्याख्या नाही. उत्पादनाचं नाव मात्र कधीकधी खरी माहिती देतं. अमेरिकेत यासाठी ठरलेली मापं आहेत. नुसतं ‘चिकन डॉग फूड’ असं नाव द्यायचं तर (पाणी वगळून) 95 टक्के चिकन हवं. ‘चिकन डिनर’ किंवा ‘चिकन रेसिपी’ म्हणायला 25 टक्के चालतं. ‘विथ चिकन’ला 3 टक्के पुरतं, आणि ‘चिकन फ्लेवर’ला फक्त चव लागली की झालं. हा नियम तिकडचा आहे. इथे बनलेल्या पिशवीवर तो पाळला असेलच असं धरून चालू नका, पण ‘विथ’ आणि ‘फ्लेवर’ हे शब्द दिसले की नजर आपोआप मागच्या यादीकडे गेली पाहिजे.

2. क्रम बघा, पण पाणी वजा करून

यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. जो पहिला तो सर्वांत जास्त. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. मेख अशी की हे वजन शिजवण्याआधीचं असतं, आणि ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणीच असतं.

समजा यादी अशी आहे : ताजं चिकन, तांदूळ, चिकन मील (चिकनची कोरडी भुकटी), मका, चिकन फॅट. आणि 100 किलो कच्च्या मिश्रणात 30 किलो चिकन, 25 किलो तांदूळ आहे. चिकनमधलं पाणी गेलं की उरतात 9 किलो. तांदळात पाणी जेमतेम 12 टक्के, म्हणजे त्याचे उरतात 22 किलो. यादीत चिकन पहिलं. कुत्र्याच्या वाडग्यात मात्र भात अडीच पट. यात कुणी खोटं लिहिलेलं नाही, नियमाप्रमाणेच लिहिलंय. म्हणून ड्राय फूड बघताना ताज्या मांसाला मनातल्या मनात चार-पाच जागा खाली सरकवा आणि मग पहिलं कोण उरतं ते बघा. त्याच्या जवळपास ‘चिकन मील’, ‘फिश मील’ असं काही असेल तर प्रथिनांचा खरा भार त्यावर आहे. नसेल आणि पुढे सगळं धान्यच असेल, तर ते पहिलं चिकन शोभेचं.

3. एकाच धान्याची किती नावं आहेत ते मोजा

मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा. किंवा तांदूळ, तुकडा तांदूळ, राइस ब्रान. एकच धान्य तीन नावांनी लिहिलं की प्रत्येकाचं वजन कमी दिसतं आणि मांस आपसूक वर सरकतं. 20 टक्के चिकन मीलच्या खाली 18 टक्के मका आणि 10 टक्के कॉर्न ग्लुटेन असेल, तर पहिला नंबर मक्याचाच आहे. ‘ग्रेन-फ्री’ म्हणजे धान्य नसलेल्या पिशव्यांत हाच खेळ मटारावर चालतो : मटार, मटाराचं पीठ, पी प्रोटीन, पी फायबर. पेन्सिल घेऊन भावंडांभोवती एकच गोल करा.

याहून लपवाछपवीची पद्धत म्हणजे ‘सिरियल्स अँड सिरियल बाय-प्रॉडक्ट्स’, ‘मीट अँड मीट बाय-प्रॉडक्ट्स’ असे गट लिहून मोकळं होणं. युरोपातही गटाने लिहायची मुभा आहे, त्यामुळे हे बेकायदा नाही. पण या महिन्यात गहू आणि पुढच्या महिन्यात जे स्वस्त मिळेल ते, अशी सोय त्यात राहते. ज्याच्या कुत्र्याला अ‍ॅलर्जी आहे त्याने अशी पिशवी खाली ठेवावी.

4. प्राण्याचं नाव घेतलंय का?

माझ्या मते संपूर्ण यादीतली सर्वांत महत्त्वाची खूण हीच. ‘चिकन मील’ आणि ‘मीट मील’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात प्राणी ठरलेला आहे, दुसऱ्यात तो कुठलाही असू शकतो. तेच चरबीचं : ‘चिकन फॅट’ चालेल, ‘अ‍ॅनिमल फॅट’ म्हटलं की भुवई उंचवा.

‘मील’ या शब्दाला मात्र उगाच घाबरू नका. मांस शिजवून, चरबी आणि पाणी काढून केलेली ती भुकटी असते. चांगल्या चिकन मीलमध्ये प्रथिनं 65 टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे वजनाला वजन ताज्या चिकनपेक्षा कितीतरी जास्त. ‘बाय-प्रॉडक्ट’चंही तसंच. इंटरनेटवर त्याच्या नावाने पिसं, नखं आणि चोची खपवतात. अमेरिकन व्याख्येत पिसं वगळलेली आहेत (टाळता न येण्याइतकी सोडून); उरतात ती मान, पाय, आतडी वगैरे. जे लोक रविवारी रांग लावून वजडी आणि कलेजी-पेटा आणतात, त्यांनी कुत्र्याच्या खाण्यातल्या काळजाला नाकं मुरडू नयेत. प्रश्न अवयवांचा नाही, दर्जाचा आहे, आणि इथे यादी कमी पडते : चांगलं काळीज आणि टाकाऊ आतडी दोन्ही ‘बाय-प्रॉडक्ट’च. ‘चिकन लिव्हर’ असं स्पष्ट लिहिणारी कंपनी म्हणून बरी.

अंग खाजवणाऱ्या कुत्र्यांसाठी एक जादा सूचना. कुत्र्यांना खाण्यातून होणाऱ्या अ‍ॅलर्जीत बीफ, दूधदुभतं, चिकन आणि गहू हे नेहमीचे आरोपी. डॉक्टरांनी चिकन बंद करायला सांगितलं म्हणून ‘लॅम्ब अँड राइस’ आणता आणि खाज जशीच्या तशी. यादी शेवटपर्यंत वाचा : सातव्या-आठव्या जागी चिकन फॅट किंवा चिकन मील निघू शकतं.

5. मीठ शोधा आणि तिथे रेघ मारा

ड्राय फूडमध्ये मीठ साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतं. त्यामुळे यादीत मिठानंतर येणारी प्रत्येक गोष्ट त्याहूनही कमी. ब्लूबेरी, हळद, अश्वगंधा, डाळिंब, पालक हे सगळं रेघेच्या खाली सापडलं तर समजा की ते पिशवीच्या चित्रासाठी घातलंय. त्याने अपाय नाही, पण त्याचे दोनशे रुपये जास्त का द्यायचे?

रेघेखालची भारदस्त रासायनिक नावं मात्र भली माणसं असतात. पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड म्हणजे बी6. डीएल-मेथिओनिन हे अमिनो आम्ल. ‘झिंक प्रोटीनेट’, ‘कॉपर चिलेट’ असं दिसलं तर खनिजांवर थोडा जास्त खर्च केलाय असं धरा.

6. टिकवायला काय घातलंय, रंगवायला काय

चरबी खवट होऊ नये म्हणून काहीतरी घालावंच लागतं. ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ (म्हणजे ई जीवनसत्त्व) आणि रोझमेरीचा अर्क. हे दिसलं तर छान. बीएचए आणि बीएचटी हे कृत्रिम, मर्यादेत वापरायला परवानगी असलेले. एथॉक्सिक्विन या तिसऱ्या कृत्रिम द्रव्यावर जास्त वाद आहे. युरोपीय संघाने 2017 साली पशुखाद्यातली त्याची परवानगी स्थगित केली. मी स्वतः ते लिहिलेलं खाद्य घेत नाही.

रंगांबद्दल मत सरळ आहे. लाल, हिरवे, पिवळे दाणे माणसाला दाखवायला असतात. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसतही नाही. रंग घालणाऱ्याने पैसे कुठे घातले ते कळतं.

7. आता कोष्टक

यादीजवळच क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर आणि मॉइश्चरचे आकडे असतात. पहिले दोन किमान, नंतरचे दोन कमाल. ड्राय आणि वेट यांची तुलना या आकड्यांवरून थेट करू नका, आधी पाणी काढा. 24 टक्के प्रोटीन आणि 10 टक्के पाणी असलेले दाणे : 24 भागिले 90, म्हणजे 26.7 टक्के. ग्रेव्हीच्या पाऊचवर 7 टक्के प्रोटीन आणि 82 टक्के पाणी : 7 भागिले 18, म्हणजे जवळजवळ 39. दिसायला दुबळा पाऊच प्रत्यक्षात पुढे.

कर्बोदकं बहुतेक कंपन्या लिहीत नाहीत. तीही काढता येतात. शंभरातून प्रोटीन 22, फॅट 10, फायबर 4, पाणी 10 आणि राख, म्हणजे खनिजं (लिहिली नसेल तर अंदाजे 8), वजा केली की राहिले 46. निम्मी पिशवी पिठूळ आहे, हे या वजाबाकीने कळतं.

अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या मापाने, पाणी काढल्यावर मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के आणि पिल्लाला 22.5 टक्के प्रोटीन हवं. फॅट अनुक्रमे 5.5 आणि 8.5. पण ‘क्रूड’ प्रोटीन नायट्रोजन मोजून काढलेलं असतं. ते मांसाचं की सोयाचं, पचणारं की न पचणारं, हे त्यात कळत नाही. 2007 साली अमेरिकेत आणि कॅनडात डॉग फूड आणि कॅट फूड मोठ्या प्रमाणावर परत मागवावं लागलं, ते याच फटीमुळे. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन हे कारखान्यात वापरायचं रसायन मिसळलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, त्यामुळे कागदावर प्रोटीन वाढलं आणि प्राण्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. आकडा एकटा वाचायचा नाही, वरच्या यादीबरोबर वाचायचा.

8. ‘कम्प्लीट’ लिहिलंय का आणि कुणासाठी

‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आणि पुढे वय : पिल्लू, मोठा, की सर्व वयांसाठी. आफको कुठल्याही खाद्याला मान्यता देत नाही. ‘आफकोच्या मापांप्रमाणे बनवलंय’ एवढंच कंपनी म्हणू शकते. ‘आफको अप्रूव्ह्ड’ असं कुणी सांगत असेल तर तिथेच पाणी मुरतंय. ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे पूरक असं लिहिलेले पाऊच हे रोजचं जेवण नव्हे. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तर हाडं बिघडतात. तेव्हा त्यांच्यासाठी ‘लार्ज ब्रीड पपी’च घ्या आणि वरून कॅल्शियमच्या बाटल्या ओतू नका.

धान्य म्हणजे वाईट, ही कल्पना सोडून द्या. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की लांडग्यापासून कुत्रा होताना पिष्टमय पदार्थ पचवण्याची जनुकं बळावली. आपल्या गल्लीतला भाकरीवर वाढलेला मोती त्याचाच वंशज. उलट मटार, मसूर, बटाटा भरलेल्या ग्रेन-फ्री खाद्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये सुरू केली. ठोस निष्कर्ष निघालेला नाही, पण कारण नसताना जास्त पैसे देऊन तिकडे जाण्यात मला शहाणपण दिसत नाही. घरात मांस चालत नाही म्हणून शाकाहारी दाणे आणणाऱ्यांनी रेघेखाली मेथिओनिन, टॉरीन, एल-कार्निटीन, बी12 आणि डी जीवनसत्त्व आहे का ते बघावं. मांजरावर मात्र हा प्रयोग करू नये.

9. किलोचा नाही, दिवसाचा भाव काढा

12 किलोच्या, नसबंदी झालेल्या देशी कुत्र्याला दिवसाला साधारण 720 किलोकॅलरी लागतात. एका खाद्यात किलोला 3300 आहेत आणि भाव 300 रुपये : रोज 218 ग्रॅम, 65 रुपये. दुसऱ्यात 3900 आणि भाव 380 : रोज 185 ग्रॅम, 70 रुपये. किलोमागे 80 रुपयांनी महाग वाटलेलं खाद्य दिवसाला पाचच रुपयांनी महाग पडतं. कॅलरीचा आकडा पिशवीवर नसेल तर छापलेल्या ग्राहक सेवा क्रमांकावर विचारा. सोबत हेही विचारा की पाककृती कोण ठरवतं आणि माल स्वतःच्या कारखान्यात बनतो का. उत्तर देतात की टोलवतात, त्यावरूनही बरंच समजतं.

10. आणल्यावर

नवं खाद्य सात ते दहा दिवसांत जुन्यात वाढवत नेऊन द्या. शी किती आणि कशी होते ते बघा : खाद्य पचत नसेल तर ढीग मोठा आणि सैल होतो, आणि ही गोष्ट कुठल्याही लेबलवर लिहिलेली नसते.

दुकानदार मोठं पोतं फोडून किलोवर सुटे दाणे विकतात, ते घेऊ नका. यादी नाही, तारीख नाही, पोतं कधी उघडलं ते माहीत नाही. घरीही दाणे डब्यात ओतण्यापेक्षा मूळ पिशवीसकट डब्यात ठेवा, हवा दाबून काढा, तोंडाला चिमटा लावा. टोकोफेरॉलवर टिकवलेलं खाद्य लवकर खवट होतं, म्हणून कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी आणा.