पाचवी संपण्याआधी: पालकांनो, या चुका टाळा

प्राथमिकचं शेवटचं वर्ष कोणतं, याचं उत्तर महाराष्ट्रात गावागणिक बदलतं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत, तिथे चौथी झाली की हायस्कूल. शिक्षण हक्क कायद्यानुसार मात्र पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. मी पाचवीला शिकवते, म्हणून पाचवी धरूनच लिहिते आहे. तुमचं मूल चौथीनंतर शाळा बदलणार असेल, तर यातलं बरंचसं एक वर्ष आधीच बघा.

या वर्षी पालकांची धावपळ असते ती परीक्षांचे फॉर्म, क्लास आणि पुढची शाळा यांच्यामागे. सहावीत गेलेलं मूल अडतं ते मात्र वाचनाला आणि भागाकाराला.

गुण बघितले, वही बघितलीच नाही

मुलाला 612 भागिले 6 करायला द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. बरीच मुलं असं करतात: सहा एके सहा, पुढचा 1 खाली घेतला, त्यात सहा जात नाहीत म्हणून 2 पण खाली घेतला, बारा झाले, सहा दुणे बारा. उत्तर 12, बाकी शून्य. बाकी शून्य आली म्हणून मूल खूश. मधलं शून्य गेलं कुठे, हे त्याला कळतच नाही, कारण शंभराच्या घरातला आकडा दशकाच्या घरात सरकला हेच त्याच्या लक्षात आलेलं नाही.

यावर ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ असं ओरडून काही होत नाही. चूक लक्षाची नसून स्थानिक किमतीची आहे. शंभराच्या सहा नोटा, दहाची एक नोट आणि रुपयाची दोन नाणी समोर ठेवा आणि सहा जणांत वाटायला सांगा. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला मिळते. दहाची एकच नोट सहा जणांत वाटता येत नाही, म्हणजे दशकाच्या घरात शून्य. मग ती सुट्टी करायची, बारा रुपये होतात, प्रत्येकी दोन. उत्तर 102. यानंतर प्रत्येक भागाकाराआधी अंदाज विचारायची सवय लावा: ‘सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकी साधारण किती?’ शंभर म्हणणारं मूल पुढे 12 उत्तर लिहून थांबत नाही, ते स्वतःच पुन्हा बघतं.

अपूर्णांकातही हीच गत. एक छेद दोन अधिक एक छेद तीन याचं उत्तर दोन छेद पाच येत असेल, तर मूल अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतं आहे. त्याला विचारा, अर्धी भाकरी घेतलीस, वर आणखी एक तुकडा घेतलास, तरी सगळं मिळून अर्ध्याहून कमी कसं? समान छेद करायची रीत नंतर पाठ होते, आधी हा प्रश्न त्याला पडायला हवा.

आणि शाब्दिक उदाहरणं. ‘बाई, यात गुणायचं की भागायचं?’ असं मूल दर वेळी विचारत असेल, तर त्याचं गणित कच्चं आहे असं लगेच समजू नका. बहुतेकदा वाचन कच्चं असतं. उदाहरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटवा आणि आकडे न घेता गोष्ट सांगायला लावा: कोणाकडे काय होतं, काय झालं, काय विचारलंय. सांगता आलं तर क्रिया आपोआप सुचते. सांगता आलं नाही, तर आणखी दहा उदाहरणं सोडवून घेण्यात अर्थ नाही. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचन सुरू करा. पाचवीचं पुस्तक जड जात असेल तर तिसरीचं घ्या, त्यात कमीपणा मानू नका, आणि पाहुण्यांसमोर त्याचा उल्लेखही करू नका.

‘पाचवीपर्यंत कोणी नापास होत नाही’

हे आता खरं नाही. राज्याने 2023 मध्ये नियम बदलले आणि 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. पाचवीला 50 गुणांच्या विषयात पास व्हायला 18 लागतात. कमी पडले तर पुनर्परीक्षा होते आणि तिथेही जमलं नाही तर मूल पाचवीतच राहतं. शाळेतून मात्र त्याला काढता येत नाही. घाबरून जाण्यासारखं यात काही नाही, पण पहिल्या सत्राचा निकाल हातात आला की वर्गशिक्षकांना भेटा. एप्रिलमध्ये येऊन आमच्याही हातात फारसं काही उरत नाही.

स्कॉलरशिप, नवोदय, सैनिक स्कूल: सगळं एकदम

शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथीला होती, 2016-17 पासून पाचवीला आली आणि 2025 मध्ये शासनाने ती पुन्हा चौथीला आणायचा निर्णय घेतला. त्यामुळे मोठ्या भावंडाच्या अनुभवावर जाऊ नका. राज्य परीक्षा परिषदेची त्या वर्षीची सूचना वाचा किंवा शाळेत विचारा. तयारी करून घेताना पालक बुद्धिमत्ता चाचणीची जाडजूड पुस्तकं आणतात. गणिताला तितकेच गुण असतात हे विसरलं जातं.

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा, तिची प्रवेश परीक्षा पाचवीत होते. नवोदयच्या बाबतीत एक चूक फार महागात पडते. जिल्ह्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण शाळेतच झालेली लागतात. क्लास चांगला आहे म्हणून पाचवीला पोराला तालुक्याच्या शहरात मामाकडे ठेवलं, तर ग्रामीण कोट्यावरचा हक्क जातो. दुसऱ्या जिल्ह्यात ठेवलं तर आपल्या जिल्ह्याच्या नवोदयचा अर्जच भरता येत नाही. शिवाय ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते, ‘यंदा बसवून तर बघू’ म्हणून अर्ज भरू नका.

वहीत सगळं बरोबर आणि उत्तरपत्रिकेवर गुण कमी, अशी तक्रार असेल तर आधी उत्तरपत्रिकेवर काळे करायचे गोल तपासा. एक प्रश्न सोडला आणि त्याचा गोल मात्र सोडला नाही, की पुढची सगळी उत्तरं एक घर वर सरकतात. दर पाच प्रश्नांनी प्रश्नाचा आणि गोलाचा क्रमांक जुळवून बघायला शिकवा.

तिन्ही परीक्षांना एकाच मुलाला जुंपणं मला तरी पटत नाही. मूल रात्री अंथरुणात प्रश्नांचे आकडे पुटपुटायला लागलं, पोट दुखतंय म्हणून शाळा टाळायला लागलं, तर त्यातली एखादी परीक्षा सोडून द्या.

पुढची शाळा ठरवताना

मराठी माध्यमातून एकदम पूर्ण इंग्रजीत उडी मारण्याची घाई सहावीच्या तोंडावर सर्वांत जास्त होते. सहावीला परिसर अभ्यास संपतो. सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र, भूगोल हे विषय वेगळे होतात. विषयही नवे आणि भाषाही नवी, असं दुहेरी ओझं दहा-अकरा वर्षांच्या लेकरावर येतं. इंग्रजीकडे न्यायचंच असेल तर सेमी इंग्रजीचा विचार करा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत अंश, छेद, त्रिकोण, परिमिती यांचे इंग्रजी शब्द खेळत खेळत ओळखीचे करून द्या.

आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत जागेवर, प्रवेश झाला असेल तर शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे हे आत्ताच विचारा. ती जागा सोडून दुसऱ्या शाळेत गेलात की मोफत जागा सोबत येत नाही.

शाळा लांब पडते म्हणून मुलीचं शिक्षण थांबवायचा विचार घरात निघाला, तर एसटीच्या डेपोत चौकशी करा. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून मोफत पास मिळतो, शाळेचं बोनाफाईड लागतं. आणि आईने, मावशीने किंवा मोठ्या बहिणीने मुलीशी पाळीबद्दल याच वर्षी बोलावं. काही मुलींना पाचवीतच पाळी येते, आणि आधी कोणी काही सांगितलेलं नसलं की त्या शाळेच्या बाथरूममध्ये घाबरून रडत बसतात.

दाखला हातात घेताना

शाळा सोडल्याचा दाखला घडी घालून खिशात टाकू नका. ऑफिसमध्येच उभं राहून जन्मदाखल्याशी ताडून बघा: मुलाचं, वडिलांचं, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात. ‘दीपक’ आणि ‘दिपक’ एवढाही फरक चालवून घेऊ नका, आधारवर वेगळं आणि दाखल्यावर वेगळं असलं की दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव होते. दाखला जनरल रजिस्टरवरून, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीवरून, लिहिला जातो, म्हणून नुसत्या दाखल्यावर खाडाखोड करून घेऊन काम होत नाही, दुरुस्ती रजिस्टरलाच व्हावी लागते आणि तिला शिक्षण विभागाची मंजुरी लागते. मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत हे काम सोपं असतं. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतरच रजिस्टरमधली नोंद दाखवा म्हणून मुख्याध्यापकांना विनंती करा आणि चूक निघाली तर जन्मदाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज द्या. अर्जाच्या एका प्रतीवर शाळेचा पोच शिक्का घ्यायला विसरू नका.