ड्राफ्टमधली निवड चुकली की बरोबर, हा वाद नीट कसा घालावा

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वांत मोठी लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, संघाने अठरा वर्षांचं पोरगं उचललं, की चाहत्यांचे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, पोरगा चांगला आहे; दुसरा म्हणतो, निवड वाईट आहे. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात, म्हणूनच वाद संपत नाही. आधी प्रश्न नक्की करा: त्या क्रमांकावर, त्या दिवशी, जे शिल्लक होते त्यांच्यातून हाच का?

म्हणजे वादाला बसताना दोन गोष्टी हाताशी हव्यात. एक, निवडीनंतर लगेच गेलेल्या दहा खेळाडूंची नावं. दुसरी, ड्राफ्टच्या आधी छापलेल्या, खेळाडूंना क्रमवार लावणाऱ्या दोन-तीन याद्या. 2015 चा ड्राफ्ट घ्या. बोस्टनच्या संघाकडे निवडीचे 13, 14 आणि 15 असे सलग तीन क्रमांक होते. त्यांनी झ्बोरिल, डीब्रस्क आणि सेनिशिन घेतले. पुढच्या तीन क्रमांकांवर बार्झल, कायल कॉनर आणि शबो गेले, आणि हे तिघंही पुढे गाजले. आज हे वाचून हळहळ वाटणारच, पण बोस्टनला नेमका कशाचा दोष द्यायचा? डीब्रस्क एनएचएलमध्ये टिकला, तेव्हा 'तिन्ही वाया गेले' म्हणणं चूक. सेनिशिन मात्र त्या वेळच्या बहुतेक याद्यांत बराच खाली होता, म्हणजे त्याच्यावरचा आक्षेप त्याच दिवशी घेता येत होता. बाकीची बरीचशी टीका वरातीमागून घोडं आहे. उलट बाजूचं उदाहरण पुढे मोठा खेळाडू ठरलेल्या डॅट्सुकचं. 1998 मध्ये डेट्रॉइटने त्याला 171 व्या क्रमांकावर घेतलं. तोवर प्रत्येक संघाने, खुद्द डेट्रॉइटनेही, त्याला पुन्हा पुन्हा सोडलं होतं. जे सगळ्यांच्याच नजरेतून सुटलं, त्याचं खापर एका संघावर फोडता येत नाही.

याद्या वाचताना एक चूक सर्रास होते. सेंट्रल स्काउटिंग, म्हणजे तरुण खेळाडू पारखणारा एनएचएलचा विभाग, याची यादी एकच नसते. उत्तर अमेरिकेतले खेळाडू वेगळे, युरोपातले वेगळे, आणि दोन्हीकडचे गोलरक्षकही वेगळे. 2022 मध्ये शेन राइट उत्तर अमेरिकेच्या आणि युराय स्लाफकोव्स्की युरोपच्या यादीत, असे दोघंही पहिले होते. त्यामुळे 'यादीत पाचवा होता, मग बारावा कसा गेला' असं विचारण्याआधी यादी कुठली ते बघा.

मग वय. त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण झाली असतील तरच ड्राफ्टमध्ये येता येतं. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांनी 2015 हुकलं आणि तो 2016 मध्ये पहिला गेला. एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि या वयात वर्षभरात खांदे, पाय, वेग सगळंच बदलतं. गुण सारखे असतील, तर लहान मुलाचं पारडं जड धरा.

गुणांची तुलना थेट करू नका. गोल आणि असिस्ट (गोलला हातभार लावणारे पास) मिळून प्रति सामना गुण काढा, लीगच्या गुणकाने (ती लीग एनएचएलच्या तुलनेत किती कठीण, याचा आकडा) गुणा आणि मोसमातल्या 82 सामन्यांनी गुणा, म्हणजे एनएचएलच्या एका मोसमाचा ढोबळ अंदाज मिळतो. ओएचएल या कॅनडातल्या ज्युनिअर लीगचा गुणक साधारण 0.3 धरतात. तिथे राइटचे 63 सामन्यांत 94 गुण होते, म्हणजे अंदाज सुमारे 37. स्लाफकोव्स्कीचे 'लीगा' या फिनलंडच्या मोठ्यांच्या लीगमध्ये 31 सामन्यांत 10 गुण, गुणक 0.45 धरला तरी 12 च्या आसपास. या आकड्यांवर राइट कितीतरी पुढे. पण मोठ्या माणसांच्या लीगमध्ये पोराला बर्फावर वेळ कमी मिळतो, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असताना मिळणारा वेळ) तर फारच कमी. हा हिशोब ते बघत नाही. त्याच वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये स्लाफकोव्स्कीने 7 गोल केले आणि तो स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मोंट्रियलने पहिल्या क्रमांकावर त्याला घेतलं. राइट चौथ्या क्रमांकावर सिअ‍ॅटलला गेला. म्हणून हा हिशोब पहिली चाळणी म्हणून वापरा, आणि पॉवर प्लेवरचे गुण वेगळे काढल्याशिवाय तर अजिबात मांडू नका.

दुसरी चाळणी डोळ्यांची. गोलांच्या क्लिप्स बाजूला ठेवा आणि तीन पूर्ण सामने फक्त त्या एका खेळाडूवर नजर ठेवून बघा. कडेच्या फळीपाशी पक (हॉकीची चपटी रबरी चकती) मिळण्याआधी तो खांद्यावरून मागे बघतो का? जो बघतो, त्याचा पहिला स्पर्शच मोकळ्या जागेकडे जातो. जो बघत नाही, तो पक घेऊन फळीला चिकटतो आणि मार खातो. पक हातून गेल्यावर तो स्केटची ब्लेड आडवी घालून जागच्या जागी थांबतो आणि वळतो, की मोठा वळसा घेत फिरतो? वळसा घेणाऱ्याचे दोन-तीन मीटर जातात आणि प्रतिस्पर्धी तेवढ्यात निसटतो. ज्युनिअर लीगमध्ये वेगाच्या जोरावर हे झाकून जातं, एनएचएलमध्ये नाही.

'संघाला डिफेन्समन (बचावपटू) हवा होता, सेंटर (मधला आक्रमक) का घेतला?' हा मुद्दा लंगडा आहे. बहुतेक मुलांना एनएचएलमध्ये पक्कं व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तोवर आजची गरज उरलेली नसते. गोलरक्षकाला तर त्याहून जास्त वेळ द्या.

निवड आणि घडवणं यांचा हिशोबही वेगळा ठेवा. स्लाफकोव्स्कीचे पहिल्या मोसमात 39 सामन्यांत 10 गुण, तेव्हा 'चुकलं' म्हणणारे खूप होते. पुढच्या मोसमात 82 सामन्यांत 50 झाले. राइट पहिल्या मोसमात एनएचएलचे 8 सामने खेळून ज्युनिअरला परत गेला. यात नियमांचाही भाग असतो: अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा 10 सामन्यांच्या आत परतला, तर त्याच्या पहिल्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही. त्याला परत पाठवणं म्हणजे संघाने हात टेकले, असा अर्थ लगेच काढू नका.

आणि पुढच्या ड्राफ्टच्या आदल्या रात्री एक काम करा. आपल्या संघाच्या क्रमांकासमोर तुमच्या पसंतीची तीन नावं, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण, आणि खाली तारीख. तीन वर्षांनी वाद निघाला, की आधी हा कागद काढा. संघाने घेतलेलं नाव तुमच्याही तिनांत असेल, तर ती चूक तुमचीही होती असं धरूनच बोला.